वा. बेट क्र. ४

आमच्या घरात आलेला कुठलाही कागद मी वाचते. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही, पण मी अकरावीत गेले तेव्हापासून ते माझंच आहे. बाबांना अक्षरं येतात, पण एकेक करून येतात, आणि पाचवं येईपर्यंत पहिलं निघून गेलेलं असतं. आईला सही येते. त्यामुळे विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं टीव्हीवरच्या रुमालाखाली दबून माझी वाट पाहत असतं. आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी वाङ्मय घेऊन. आमच्या नात्यागोत्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे बाबा सगळ्यांना सांगतात. वरातीत घोडीवर बसलेल्या नवरदेवालाही सांगतात. त्याला मधेच उतरून जाता येत नाही, म्हणून तो ऐकून घेतो.

बाबांची घोडी वरातीची आहे. पांढरी, नाकाशी गुलाबी. तिचं सगळं आयुष्य आवाजात गेलं. बाबांनी तिला शिकवलं तेच मुळी बँडवाल्यांच्या तालमीच्या खोलीमागे बांधून. पायाशी फटाका फुटला तरी ती कान हलवत नाही, आणि डीजेची गाडी शेजारून गेली तर मान डोलावते. तिला बांधायचा कोठा वस्तीत रस्त्याला लागून होता. एका बाजूला वेल्डिंगचं दुकान, दुसऱ्या बाजूला बँडवाले, समोर सिटी बसचा थांबा. बारावीचा अभ्यास मी त्या कोठ्यात बसूनच केला. अभ्यासाला शांतता लागते हे शाळेत सांगत असत, तेव्हा मला वाटायचं, हे शांत घरात राहणाऱ्या कुणीतरी ठरवलं असावं.

मागच्या उन्हाळ्यात आमचा रस्ता सिमेंटचा करायचं ठरलं. आधीही तो सिमेंटचाच होता, पण आता तो जास्त सिमेंटचा होणार होता. एक माणूस आला आणि कोठ्याच्या खांबावर लाल फुली मारून गेला. घोडीला वाटलं कुणी तरी सजवायला आलं. ती शांत उभी राहिली.

मी अर्ज लिहिला, पर्यायी जागा मिळण्याबाबत. खरं सांगायचं तर त्या अर्जाचा मला अभिमान होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या खऱ्या कामासाठी वापरत होते. घोडीला मी 'अश्व' लिहिलं. अश्व म्हणजे घोडा, हे मला माहीत होतं. पण 'घोडी' लिहिलं तर अर्ज फार घरगुती वाटेल अशी भीती वाटली. बाबांनी तो अर्ज हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "दिसून तर चांगला राहिला."

पाऊस संपत आला तेव्हा उत्तर आलं. मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा कळमन्याच्या बाजारातून घोडीसाठी चण्याची चुनी घेऊन नुकतेच आले होते आणि आई पोळ्या लाटत होती. मी उभ्यानेच मोठ्यानं वाचलं. विषय होता, 'अश्व (१ नग) स्थलांतरित करणेबाबत'. खाली लिहिलं होतं की, आपणांस वा. बेट क्र. ४ ही पर्यायी जागा तात्पुरत्या स्वरूपात मंजूर करण्यात येत असून, आपण पंधरा दिवसांचे आत आपला अश्व उक्त बेटावर हलवून तेथेच ठेवावा, अन्यथा जागेवरील आपला हक्क संपुष्टात येईल.

आईचं लाटणं थांबलं. "कोनाच्या बेट्यावर? आपल्याले तर बेटा नाई."

"घोडी पोराच्या नावावर करा म्हणून राहिले का वं?" बाबा मला म्हणाले. "काहून? पोरीच्या नावावर नाई चालत का?"

"पाहा ना बाप्पा," आई म्हणाली. "सरकारी कागदातही बेटाच पाह्यजे."

मला हसू आलं. आमच्याकडे हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळे असं होतं. पण दोघांना समजावताना मला जरा मोठंही वाटलं.

"बेटा नाई आई, बेट. बेट म्हणजे टापू."

हे मी पुस्तक न उघडता सांगितलं. नागपुरात पाण्याच्या मधल्या जमिनीला कुणी बेट म्हणत नाही, टापूच म्हणतात. बेट हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात राहतो आणि परीक्षेच्या दिवशी बाहेर येतो. आमच्या वस्तीच्या मागे एक तलाव आहे आणि तलावाच्या मधोमध एक टापू आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कुणालाच काही विचारायचं उरलं नाही. फक्त बाबांनी दोन गोष्टी विचारल्या.

"आन ते वा. काय आहे?"

मी थोडा विचार केला. वॉर्ड नसणार, वॉर्डाला आता प्रभाग म्हणतात. "वास्तव्य," मी म्हटलं. "वास्तव्य म्हणजे राहणं. राहण्याचं बेट."

"आन चार नंबर? मंग बाकीचे तीन कुठी आहेत?"

"ऑफिसच्या नोंदीत असतील."

बाबांनी मान हलवली. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर नव्हतं, हे मला आज कळतं. पण त्या दिवशी मी घरच्यांना एका चुकीतून नुकतंच बाहेर काढलं होतं, आणि चुकीतून बाहेर काढणारा माणूस स्वतः चुकत असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही घोडीला घेऊन निघालो. बाबांनी तिला खरारा केला, कपाळावर गोंडा बांधला. नव्या घरी जाताना बरं दिसावं म्हणून. मी पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढं चालत होते, आई कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं घेऊन मागे. वेल्डिंगच्या दुकानातल्या काकांनी काळा चष्मा वर केला.

"का गा, घोडीले हनिमूनले घेऊन चालला का?"

"टापूवर जागा भेटली," बाबा म्हणाले. "ऑफिसातून. पोरीनं अर्ज केला होता."

"आमाले तर नाल्यावरही नाई देत कोनी."

तलावाच्या फाटकावर चौकीदार होता. म्हातारा, खाकी शर्ट, खाली लुंगी. त्याने पत्र घेतलं आणि आधी उलटं, मग सुलटं धरलं.

"इथं घोडा लिवला आहे," तो म्हणाला. "ही तर घोडी आहे."

मी पुढे झाले. "काका, अश्वात दोन्ही येतात."

हे खरं आहे की नाही, ते मला आजही नक्की माहीत नाही. चौकीदाराने माझ्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग कागदाच्या तळाशी असलेल्या शिक्क्यावर बोट फिरवलं. "शिक्का गोल आहे," तो म्हणाला, आणि फाटक उघडलं.

टापूवर जायला एक अरुंद सिमेंटचा पूल आहे. बाबा तोंड घोडीकडे करून उलटे चालत गेले, वरातीत चालतात तसे, आणि घोडीही वरातीतल्या चालीने एकेक पाऊल टाकत आली. पुलाखालची बदकं दोन बाजूंना सरकली. टापूवर एक कारंजं होतं, उद्घाटनाच्या दिवसापुरतं उडलेलं. 'माझं नागपूर' अशी मोठी लोखंडी अक्षरं होती. त्यातलं 'झं' कुणीतरी नेलं होतं. एक बंद पडलेली चहाची टपरी होती, तिथं आम्ही कुटार ठेवलं. चारी बाजूंना पाणी, वर कडुनिंब, झुळूक येत होती. आई म्हणाली, "आपल्याले नाई भेटली अशी जागा, हिले भेटली." मला वाटलं, मी शिकले त्याचं हे पहिलं फळ आहे.

घोडीनं मात्र त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांनी तोबऱ्यात चुनीबरोबर गूळ घालून पाहिला. ती तोबऱ्यात तोंड घालायची, थांबायची, आणि मग मान वर करून कान चारी दिशांना फिरवायची, जणू कुणी येणार होतं आणि त्याला उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्या तलावावर फिरायला येणाऱ्या लोकांचा एक हास्य क्लब आहे. ही मंडळी मनीषनगरहून गाडीने येतात आणि इथं पायी चालतात. सात वाजता टापूवर गोल करून उभी राहतात, हात वर करतात आणि जोरजोरानं हसतात. कुणी काही विनोद केलेला नसतो. त्यांनी हसायला सुरुवात केली आणि घोडी खायला लागली. त्यांचं हसणं दहा मिनिटं चाललं, तिचं खाणंही दहा मिनिटं चाललं. ते थांबले, ती थांबली.

"तिले शांतता झोंबून राहिली," बाबा म्हणाले.

मग बाबा माझ्या मोबाइलवर बँड लावायला लागले. वरातीच्या सगळ्या चाली. मोबाइल कारंज्याच्या कठड्यावर ठेवायचा आणि तोबरा बांधायचा. पण मोबाइलचा आवाज पाण्यावर निघून जायचा, आणि त्यात माझी ऑनलाइन लेक्चर्स असायची. एकदा चुकून बँडच्या जागी आमच्या सरांचं भाषाविज्ञानाचं लेक्चर लागलं. घोडीनं तोबऱ्यातून तोंडच काढून घेतलं.

फिरायला येणाऱ्यांना घोडी आवडली. एक काका, पांढरे बूट घालणारे, रोज थांबून बाबांना सांगायचे की परदेशात माणसं मुद्दाम अशा जागी घोड्यांजवळ येऊन बसतात, त्याने मन शांत होतं. बाबा म्हणायचे, "माणसाचं होत असन साहेब. घोडीचं जास्त होऊन राहिलं."

आठवड्यानं ऑफिसमधून साहेब आले. जागा घेतली की नाही, ते पाहायला. आधी ते जुन्या जागी गेले होते, तिथून वेल्डिंगवाल्या काकांनी त्यांना टापूकडे धाडलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी पत्र मागितलं, मी दिलं. त्यांनी ते वाचलं नाही, फक्त शिक्का पाहिला, चौकीदारासारखाच. मला तेव्हा वाटलं, मोठ्या माणसांना एका नजरेत कळत असावं.

"अश्व हाच का?"

"हाव साहेब."

"बेटावर आणला ना?"

"बेटावरच आहे साहेब," बाबा म्हणाले. हा शब्द ते आता सफाईनं वापरत होते.

साहेबांनी एका बाजूला सरकून घोडीचा फोटो काढला. मागे पाणीच पाणी. मग कठड्यावर कागद ठेवून लिहिलं, ते मी वरून वाचलं. 'अश्व बेटावर आढळला. पूर्तता झाली.' जाताना म्हणाले, "अशी शिस्त सगळ्यांनी पाळली पाहिजे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हास्य क्लबातल्या प्रत्येकाला सांगितलं की पोरगी कॉलेजात आहे.

पण घोडी उतरत चालली होती. बरगड्या दिसायला लागल्या. टापूची जमीन पावसानं अजून ओली होती, आणि मऊ. एका सकाळी बाबांनी तिचा मागचा पाय उचलून खूर साफ केला आणि बोट नाकाशी नेलं. मग नालबंदाला बोलावून आणलं. त्यांच्या ओळखीचा जुना माणूस. त्याने चारही पाय पाहिले.

"ओल लागली गा. खूर सडून राहिले. कोरडी जागा पाह्य अन् चारा पोटात घाल. नाईतर तुळशीच्या लग्नानंतर ही एकही वरात नाई काढत. अन् पाय बसला तर मंग कधीच नाई काढत."

"कोरडी जागा कुठून आणू," बाबा म्हणाले. "कोठा तर तोडला. इथून हालवली तर हक्क जाते. पत्रात लिवलं आहे." ते माझ्याकडे वळले. "लिवलं आहे ना?"

"हाव," मी म्हटलं. ते लिहिलेलं होतंच.

"मंग साहेबानं विचार करूनच दिली असन. काही कारण असन."

मी कारण शोधत राहिले. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'तात्पुरत्या स्वरूपात' म्हणजे किती दिवस, याचा विचार केला. 'वा.' वरून माझी नजर दर वेळी सरळ पुढे जायची, कारण त्याचं उत्तर मला आधीच मिळालं होतं.

मग एका दुपारी कॉलेजातून येताना रस्ता खोदल्यामुळे सिटी बस दुसऱ्या वाटेनं गेली. उड्डाणपुलाखालच्या मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मी खिडकीशी होते. पुलाच्या खांबांच्या मधे एक तिकोनी जागा होती, चौफेर लोखंडी कठडा, आत नवीन टिनाचं छप्पर, सिमेंटची हौदी, जमिनीत गाडलेली लोखंडी कडी. आणि एक हिरवी पाटी. पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वाहतूक बेट क्र. ४'.

मी ते दोनदा वाचलं. मग दिवा हिरवा झाला आणि मी कंडक्टरला थांबा म्हटलं. तो म्हणाला, "इथं स्टॉप नाई." मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आले.

त्या तिकोनात डिझेलवर चालणारा एक पंप होता. त्याचा जाड पाइप जमिनीवर गुंडाळून ठेवला होता, आणि पंपावर डोक्याला दुपट्टा बांधलेला एक माणूस बसला होता. जमीन इतकी कोरडी होती की वाडीच्या गोदामांकडे जाणारा प्रत्येक ट्रक गेला की धूळ उडून त्याच्या दुपट्ट्यावर बसत होती.

"काका, हे कायचं आहे?"

"पंप आहे ताई. पाणी उपसाचा."

"पाणी कुठी आहे?"

"नाई आलं अजून."

"कुठून येणार आहे?"

"ते मले नाई सांगितलं." त्याने दुपट्टा झटकला. "साहेबाच्या टेबलावर फोटो आहे म्हणते. बेट नंबर चार, अन् घोड्याच्या मागं इतकं पाणी, तलावासारखं. म्हणून मले धाडलं. चार दिवस झाले. ना पाणी दिसून राहिलं, ना घोडा."

मी कठड्याला धरून उभी राहिले. माझ्या पाठीमागून ट्रक, ऑटो, बस, सगळे हॉर्न वाजवत जात होते. एखाद्या वरातीत असतो त्यापेक्षाही जास्त आवाज होता. आमची घोडी इथं पोटभर जेवली असती. पहिल्या दिवसापासून.

मी तिथून सरळ ऑफिसात गेले. मोठे साहेब नव्हते. बाबू होते. त्यांनी फाइल काढली आणि पहिल्याच पानावर तो फोटो होता.

"तुमचा घोडा लागला ना जागेवर?"

"नाही सर. ती तलावात आहे."

"बुडाली?"

"नाही. तलावातल्या बेटावर आहे. मला वाटलं, वा. म्हणजे वास्तव्य."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "वा. म्हणजे वाहतूक."

"पूर्ण का नाही लिहिलं सर?"

"रकाना लहान आहे." त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "काय शिकून राहिली तू, बेटा?"

"बी.ए. मराठी."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, दुरुस्तीचा अर्ज करू का. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवून दाखवली. "कायची दुरुस्ती? इथं पाहा. घोडा बेट क्रमांक चारवर आहे. साहेबांची सही आहे, फोटो आहे, पूर्तता आहे. फाइलीत काहीच चुकलं नाही. चुकली असेल तर घोडी चुकली आहे. तिला आणा आणि बांधा, म्हणजे सगळं जुळेल. फक्त ते पाणी कुठं गेलं, ते तुम्ही आम्हाला लिहून द्यायचं."

तलावाकडे जाताना मी बाबांना सांगायचं वाक्य तयार केलं. 'ऑफिसातून जागा बदलण्यात आली आहे.' फार चांगलं वाक्य होतं. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. जागा होती, ती बदलण्यात आली होती, आणि बदलणारा कुठंच नव्हता. असं वाक्य लिहायला लोकांना वर्षानुवर्षं नोकरी करावी लागते, मला ते टापूच्या पुलापर्यंत चालतानाच जमलं.

बाबा टापूवर बसून घोडीच्या खुराला औषध लावत होते. चौकीदार शेजारी बिडी ओढत होता.

"दुसरीकडं विचारून तर पाह्य," चौकीदार म्हणत होता.

"कागदात दुसरी जागा असती तं पोरीनं सांगितलं असतं ना," बाबा म्हणाले. "ती सगळं वाचते."

माझं वाक्य तिथंच गेलं.

"बाबा, मी चुकली," मी म्हटलं. "मीच चुकीचं वाचलं. जागा इथं नाई दिली त्याईनं. चौकात दिली आहे, पुलाखाली. चौकाच्या मधल्या जागेलेही बेट म्हणते. वा. म्हणजे वाहतूक. मले माहीत नव्हतं अन् मी सांगून दिलं."

बाबांनी घोडीचा पाय हातात तसाच धरून ठेवला.

"म्हणजे पयल्या दिवसापासून जागा तिथं होती?"

"हाव."

"कोरडी आहे?"

"हाव. टिनाची सावली आहे, हौदी आहे."

"आवाज?"

"वाडीचे सगळे ट्रक तिथूनच जाते."

त्यांनी पाय हळूच खाली ठेवला. घोडीची दोरी सोडली. "मंग चाल," म्हणाले.

एवढंच. चौकीदाराने फाटक उघडताना विचारलं, आता कुठं, तर बाबा म्हणाले, "बेटावर." वाटेत एका पानठेल्यावाल्यानं घोडीचं कौतुक केलं आणि ही मुलगी कोण म्हणून विचारलं. "पोरगी आहे माही," बाबा म्हणाले. नेहमी याच्यापुढे एक वाक्य असतं. मी ते येईल म्हणून थांबले, पण घोडी चार पावलं पुढं गेली होती.

चौकात पोचलो तेव्हा पाच वाजले होते, गाड्यांची गर्दी नुकतीच सुरू झाली होती. पंपवाला उठून उभा राहिला. "घोडा तर आला," तो म्हणाला. "आता पाणी येईन." बाबांनी घोडी कडीला बांधली आणि तोबरा लावला. एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानं त्याला दिला, मग चारही बाजूंनी सगळ्यांनी एकमेकांना दिला. घोडीनं कान एकदा पुढे केले, मान खाली घातली आणि खायला लागली. दहा मिनिटं झाली, ती थांबली नाही. बाबा कठड्यावर बसून तिचा जबडा हलताना पाहत होते. खूर बरे व्हायला दिवस लागणार होते, बरगड्या भरायला त्याहून जास्त. तुळशीच्या लग्नापर्यंत होईल की नाही, हे कळायला अजून वेळ होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी पाटीकडे बोट केलं. "वाच."

"वाहतूक बेट क्रमांक चार."

"वाहतूक म्हणजे?"

"ट्रॅफिक."

"अन् बेट म्हणजे टापू." त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. चारी बाजूंनी गाड्या वाहत होत्या. "ट्रॅफिकचा टापू. बरोबर तर आहे. पन मंग चौक लिहाले काय झालं होतं त्याईले?"

"रकाना लहान आहे म्हणाले."

"चौक तर त्याहूनही लहान आहे."

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि या वेळी मी ते दिलंही नाही.

पंपवाला आमचं ऐकत होता. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "भाऊ, कोनी वाचणारं आहे का? मले हे देऊन ठेवलं आहे. पाणी नाई आलं तं मी घरी कधी जाचं, ते याच्यात लिवलं असन."

बाबांनी घोडीच्या तोबऱ्याची गाठ नीट केली.

"आहे ना," ते म्हणाले. "पोरगी आहे माही. कॉलेजात आहे." मग थांबून म्हणाले, "पन घाई नको करू. दोनदा वाचते ती."

मी कागद घेतला आणि हौदीच्या काठावर बसले. पहिल्याच ओळीत होतं, 'वा. बेट क्र. ४ येथील अ. पा. उपसा करणेबाबत'. वा. मला आता येत होता. अ. पा. म्हणजे अतिरिक्त पाणी असेल. अचानक आलेलं पाणी असेल. इथं पाहून तर अदृश्य पाणी असावं असंही वाटलं. तिन्ही अर्थ बसत होते.

"काय लिवलं आहे?" पंपवाल्यानं विचारलं.

"हे दोन अक्षरं मले माहीत नाई," मी म्हटलं.

पंपवाला जरा हिरमुसला. बाबांनी मात्र मान हलवली आणि घोडीच्या तोबऱ्यात हात घालून चुनी वर-खाली केली.

"लिहून घे," ते म्हणाले. "उद्या जाऊन विचारू. दोघंही जाऊ."